३५ मिनिटांची गिग : पैसे वसूल की गंडलो?

दिवाडकर · रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, एक प्रामाणिक प्रश्न आहे. टर उडवा पण उत्तरही द्या.

काल शिवोलीला एका पंक (म्हणजे धडाधड, बंडखोर रॉक) बँडची गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम बघायला गेलेलो. बँडचं नाव घेत नाही कारण गिटारवाला दिवसा नोकरी करतो आणि साहेबाला अजून पत्ता नाही, असं तो स्वतःच माइकवर म्हणाला. तिघंच आहेत, दोघे गोव्याचे आणि ड्रमवाला बेळगावचा. चार वर्षं यांची गाणी हेडफोनवर ऐकतोय, फेरीत, ऑफिसात, घरी माडांना पाणी घालताना. कोकणी मराठी इंग्लिश सगळं एकाच गाण्यात, आणि ते डोंगर कापण्यावरचं गाणं तर मी झोपेत पण म्हणेन. लाइव्ह बघायची पहिलीच वेळ. वय ४३. घरी सांगितलं मित्राचे वडील आजारी आहेत.

तर हिशोब असा. दिवाडी बेटावरून फेरीबोट, मग स्कूटर, ओल्ड गोवा पणजी पर्वरी म्हापसा करत तीसेक किलोमीटर. तिकीट ६००. वेळ दिलेली ८ ची, सुरू झालं ९:२५ ला आणि १० ला संपलं! संपलं म्हणजे काय, गाणं चालू असताना बारवाल्याने येऊन अँपची वायरच काढली, दारात पोलिसांची जीप उभी. मला शेवटची फेरी गाठायची होती, तसाच पळालो. त्यात पुढे नाचायला गेलो तेव्हा डाव्या पायातली चप्पल गेली ती गेलीच, शोधायला पण वेळ नाही. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असा धक्क्यावर पोचलो, फेरीवाल्याने वरून खालपर्यंत बघितलं आणि काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

मेव्हणा म्हणतो गंडलास. तो दरवर्षी कला अकादमीत केसरबाई समारोहाला बसणारा माणूस, त्याचं म्हणणं ३५ मिनिटांत आमचा विलंबित ख्याल पण रंगात येत नाही. तर ३५ मिनिटांची गिग पूर्ण म्हणायची का? की ६०० रुपये आणि एक चप्पल पाण्यात?

उसळपाव · ११:२६

मी पयला!

चप्पल केवढ्याची होती ते सांगा, त्याशिवाय हिशोब लागणार नाही.

दिवाडकर · ११:३१

फ्लोटर. नऊ नंबर, निळा पट्टा. जुनी होती पण आवडती होती.

उसळपाव · ११:३३

पंक गिगला फ्लोटर घालून जाणाऱ्याला गंडवायची गरज नसते, तो गंडूनच येतो.

तीनकॉर्ड · दुपारी १२:१०

दिवाडकर, मेव्हण्याला सांगा की न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडचा पहिला आल्बम १९७६ चा, त्यात १४ गाणी आहेत आणि सगळा आल्बम २९ मिनिटांत संपतो. चौदा! आणि तो बनवायला खर्च आला ६४०० डॉलर, तेव्हाच्या मानानेसुद्धा चिल्लर. सोलो नाही, आलाप नाही, वन टू थ्री फोर म्हटलं की गाडी सुटली. चौघांनी आडनाव रामोन लावलेलं पण कुणी कुणाचा भाऊ नाही. त्यांचा गिटारवाला हात फक्त वरून खाली मारायचा, खालून वर येताना तार छेडायचीच नाही, त्यामुळे तो करवतीसारखा आवाज येतो. घरी करून बघा, दोन मिनिटांत मनगट बधिर होतं. मी कॉलेजात असताना केलंय, तिसऱ्या गाण्याला हात लटकला. म्हणजे ३५ मिनिटं हा त्या पोरांनी तुमच्यावर केलेला उपकार नाही, तेवढंच शरीराला झेपतं.

अशा गिगा त्यांनी २२ वर्षांत २२६३ केल्या. शेवटची १९९६ ला. मेव्हण्याच्या बुवांनी किती केल्या विचारा.

आणि गंडलो म्हणालात म्हणून. लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडची (जुन्या फळीची) शेवटची गिग १९७८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोला झाली. शेवटचं गाणं संपल्यावर गायक स्टेजच्या कडेला बसून लोकांनाच विचारतो, तुम्हाला कधी आपण गंडवले गेलोय असं वाटतं का? आणि उठून जातो. बँड तिथेच फुटला. तेव्हा तुम्हाला तसं वाटलं असेल तर परंपरेला धरूनच आहे.

निवृत्त_पर्वरी · १२:४५

धाग्याचा विषय समजला. संगीताबद्दल मी काही बोलत नाही, कारण वरील वर्णनावरून ते संगीत आहे की नाही याबद्दलच शंका आहे. पण पोलीस आले म्हणून गळा काढणाऱ्यांसाठी: ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. सण समारंभाला राज्य सरकार वर्षातले १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यात शिवोलीचा बार बसत नाही. ८ ची वेळ देऊन ९:२५ ला सुरू करणाऱ्यांचा दोष, पोलिसांचा नव्हे. आमच्या काळात नाटकाची तिसरी घंटा वेळेवर व्हायची.

खाजेकार · १२:५८

काका, जत्रेतलं नाटक कधी वेळेवर सुरू झालेलं मी तरी बघितलं नाही. आमच्याकडे १० चं नाटक म्हणजे १२ ला नांदी आणि शेवटचा अंक बघायला पोदेर (पाववाला) हजर.

निवृत्त_पर्वरी · दुपारी १:०२

मी व्यावसायिक नाटकांबद्दल बोलत होतो.

बेसूर · १:१५

दहा वाजता बंद हे कसलं हो पंक. पोलिसांना घाबरून वायर काढली? खरे असते तर वाजवत राहिले असते.

तीनकॉर्ड · १:२२

वायर बारवाल्याने काढली, बँडने नाही. धागा नीट वाचा. आणि लायसन्स बारवाल्याचं जातं, तुमचं आमचं नाही. पुढच्या महिन्यात परत जागा कोण देणार? इथे आधीच सगळीकडे डीजे आणि जुनी हिंदी गाणी. तीन पोरांना स्वतःची गाणी वाजवू देणारा एक बार मिळतो आणि तुम्ही त्याला शहीद करायला निघालात.

केळशीची_पोर · १:५०

मी गेल्या वर्षी, मार्च २०२५ ला, मुंबईला ग्रीन डे हा अमेरिकन पंक बँड बघायला गेले होते, महालक्ष्मी रेसकोर्सवर. मडगावहून मांडवी एक्सप्रेसने, जाताना बटाटेवडे खात खात, त्यामुळे अर्धे पैसे तर तिथेच वसूल. त्यांची १९९४ ची डुकी कॅसेट माझ्या दादाची, मी तेव्हा दुसरीत. दादा आता दुबईला असतो, त्याला व्हिडिओ कॉल लावून ठेवला पूर्ण वेळ, तो तिकडे ऑफिसच्या जिन्यात बसून रडत होता आणि मी इकडे. एकदम मोठा कार्यक्रम, लांबवर स्क्रीन, सगळ्यांना सगळे शब्द पाठ. मजा आली, खोटं कशाला बोलू.

पण खरं सांगू का, मी जिथे उभी होते तिथून गायक माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. दिवाडकर, तुमचा गिटारवाला तुमच्यापासून किती फुटांवर होता?

दिवाडकर · दुपारी २:०५

चार. एकदा त्याचा घाम माझ्या चष्म्यावर उडाला.

केळशीची_पोर · २:०६

ई. पण मग झालं की.

काजूबोंड · २:३०

म्हाताऱ्याचं एक अवांतर. पंक नव्हे पण रॉकचं. मी ८० च्या दशकात मुंबईला शिकायला होतो, धोबीतलावला रंगभवन, उघडं थिएटर, १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक व्हायचं. दिवसभर बँडवर बँड आणि पब्लिक एवढं तिखट की नाही आवडला तर बाटल्या उडायच्या. तेही पुढे आवाजाच्याच नियमात गेलं, आजूबाजूला हॉस्पिटलं, कॉलेज, शांतता क्षेत्र. गेल्या खेपेला जाऊन बघून आलो, गेट बंद. मी गेटला हात लावून उभा होतो तर वॉचमन म्हणाला, साहेब, टॉयलेट पुढे आहे.

तेव्हा १० वाजता वायर निघणं काय असतं ते मला विचारा.

उसळपाव · २:३३

हसून हसून पुरेवाट. टॉयलेट पुढे आहे :D

खाजेकार · दुपारी ३:१०

मला कळत नाही आपण न्यूयॉर्क लंडन कशाला जातोय. तियात्रातलं (कोकणी नाटकातलं) कांतार, म्हणजे मधलं गाणं, दुसरं काय आहे? पडदा पडतो, एक माणूस एकटा पुढे येतो, मागे ट्रंपेट सॅक्सोफोन ड्रम, आणि चार मिनिटांत मंत्र्याचं नाव घेऊन धुलाई. मंत्री कधीकधी पहिल्या रांगेत बसलेला असतो! हॉल डोक्यावर घेतात, परत म्हणायला लावतात. १८९२ ला पहिला तियात्र मुंबईत झाला, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वर आमच्याकडे हा धंदा चालू आहे. सूर थोडा इकडे तिकडे झाला तर चालतं, शब्द कळले पाहिजेत. चूक असेल तर सांगा पण हीच ना पंकची व्याख्या?

आम्हा मराठीवाल्यांची गंमत अशी की आम्ही तियात्राला जात नाही, शेजारी राहून. मी स्वतः तिशीनंतर पहिला बघितला, मडगावच्या रवींद्र भवनात, शेजारच्या मावशीने तिकीट जास्त झालं म्हणून ओढून नेलं. दोन कांतारांनंतर मी मावशीच्या आधी ओरडत होतो.

तीनकॉर्ड · ३:२५

अर्धं अनुमोदन. धुलाईपुरतं बरोबर. पण कांतारवाला मुरलेला कलाकार असतो, वर्षानुवर्षं स्टेजवर काढलेला. पंकची गोष्ट अशी की काल गिटार घेतली आणि आज स्टेजवर. १९७७ च्या सुरुवातीला इंग्लंडात एका झेरॉक्स मासिकाने गिटारच्या तीन कॉर्डची बोटं कुठे ठेवायची ती चित्रं छापली आणि खाली लिहिलं, आता बँड काढा. बस. माझा आयडी तिथूनच.

१९७६ च्या जूनमध्ये मँचेस्टरला एका छोट्या हॉलात सेक्स पिस्टल्स वाजले, जेमतेम चाळीसेक माणसं. त्यातल्या काहींनी नंतर स्वतःचे बँड काढले, जॉय डिव्हिजन त्यातूनच आला. आता म्हणे मँचेस्टरमध्ये मी तिथे होतो म्हणणारे हजारो निघतात. दिवाडकर, काल किती माणसं होती?

दिवाडकर · ३:४०

बारवाले धरून पन्नास. एक कुत्रा.

बेसूर · ३:४४

आणि वीस वर्षांनी या धाग्यावरचे सगळे म्हणणार आम्ही शिवोलीला होतो.

माटोळी · संध्याकाळी ४:२०

माझा प्रश्न वेगळा. दिवाडकर नाचायला पुढे गेले ४३ व्या वर्षी, त्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. मी पस्तिशीत आहे आणि मला त्या पिटची, म्हणजे स्टेजपुढच्या धक्काबुक्कीच्या नाचाची, भीती वाटते. एकदा हणजूणला गेले होते मैत्रिणीबरोबर, पहिल्या गाण्यालाच कोपर बसलं, मी भिंतीला टेकून पाणी पीत बसले. बाईमाणसाने जावं की न जावं?

केळशीची_पोर · ४:३५

जावं, पण कडेने सुरुवात करायची, हात छातीपुढे दुमडून, केस बांधून, कानातले काढून पर्समध्ये. आणि एक नियम सगळीकडे सारखा, कुणी पडला की आजूबाजूचे थांबतात आणि त्याला उचलतात. उचलत नसतील तर ती जागा सोडून बाहेर यायचं. फुगाझी म्हणून वॉशिंग्टनचा बँड होता, ते मारामारी दिसली की गाणं थांबवून त्या माणसाला माइकवरून झापायचे. तिकीट पण ५ डॉलरच्या आसपासच ठेवायचे, लहान पोरांना येता यावं म्हणून.

दिवाडकर · ४:५०

हे बरोबर. मी पडलो ना तेव्हाच चप्पल गेली. पडलो कसला, फ्लोटर अडकली कुणाच्या तरी बुटाखाली आणि मी आडवा. दोन सेकंदांत चौघांनी काखेत हात घालून उभा केला, एकाने चष्मा हातात दिला, आणि एक विशीतली मुलगी कानाशी ओरडली, अंकल, बरे आहात? अंकल ऐकून जास्त लागलं. पण माझ्या लग्नातसुद्धा मला इतक्या प्रेमाने कुणी उचललं नव्हतं.

बरं ते सोडा. मला जे खुपतंय ते वेगळंच आहे. ते डोंगराचं गाणं वाजवलंच नाही त्यांनी. ज्या गाण्यासाठी मी गेलो तेच राहिलं. म्हणून विचारतोय की पूर्ण म्हणायची का.

बेसूर · ४:५८

हे आधी सांगायचं ना! मग गंडलात. हिट गाणं न वाजवता गिग संपली तर ६०० परत.

तीनकॉर्ड · संध्याकाळी ५:०५

हिट गाणं मागायला हा वाद्यवृंद आहे का?

बेसूर · ५:०६

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

शिवोलीची_सून · रात्री ८:४०

नमस्कार. मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय, मराठी टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

पोलिसांना फोन मी केला होता.

आमचं घर त्या बारच्या मागच्या बाजूला, मध्ये फक्त एक गडगा आहे. मुलाची दहावीची परीक्षा चालू आहे आणि गणिताचा पेपर राहिलाय. सासूबाईंना झोपेची गोळी घेऊन पण झोप लागत नाही. शनिवारी दर आठवड्याला काही ना काही असतं तिथे, मी कधी बोलत नाही, पण काल भांडी हलत होती फळीवर. १० ला पाच कमी असताना मी फोन केला. मला वाटलं नव्हतं एवढ्या लवकर येतील, बहुतेक जवळच होते कुठेतरी. वरती पर्वरीच्या काकांनी लिहिलंय तसं नियम माहीत होता म्हणूनच केला. मला काही वाईट वाटत नाहीये हे आधी सांगते.

आवाज बंद झाला आणि पाच मिनिटांनी दारात तिघं उभे. मी घाबरले, म्हटलं आता भांडण. तर तो केस रंगवलेला मुलगा म्हणतो, मावशी सॉरी, आम्ही उशिरा सुरू केलं, आमची चूक. सासूबाईंनी आतून विचारलं कोण आहे गो, तर हा सरळ आत जाऊन त्यांच्या पाया पडला. सासूबाई म्हणाल्या जेवलात का. झालं. आमच्याकडे रात्रीचं हुमण (माशांची आमटी) होतं, भात परत लावला.

आणि मग जेवून झाल्यावर ते परत गेले नाहीत. बारमधली पंधरा वीस माणसं तोवर बाहेर रस्त्याच्या कडेला बसून होती, यांची वाट बघत. त्यांनी गिटार वायरीशिवाय घेतली, ड्रमवाल्याने बिअरच्या क्रेटवर आणि आमच्या पाण्याच्या रिकाम्या कॅनवर हाताने, आणि हळू आवाजात सगळी राहिलेली गाणी म्हटली. हळू म्हणजे इतकं हळू की मी स्वयंपाकघरातून शब्द ऐकायला व्हरांड्यात आले. ते डोंगर कापायचं पण म्हटलं. दोनदा. सासूबाईंनी परत म्हणायला लावलं, त्यांच्या माहेरचा डोंगर गेलाय असाच. साडेअकरापर्यंत चाललं होतं. मुलगा पण जाऊन बसला, मी ओरडले नाही.

पंक वगैरे मला काही कळत नाही. आम्हाला वाटलं भजनीच असतील कुणीतरी.

उसळपाव · ८:४३

.
.
दिवाडकर कुठे आहेत? कुणीतरी त्यांना पाणी द्या.

खाजेकार · ८:४५

परत म्हणायला लावलं!! सांगतोय ना मी दुपारपासून!

निवृत्त_पर्वरी · ८:५२

ताई, फोन केलात ते योग्यच केलंत. नंतरच्या कार्यक्रमाला लाउडस्पीकर नव्हता, तरी खरं तर त्या नियमात रात्री उघड्यावर वाद्यंही बंद आहेत, पण ते असू दे. गाण्याचे शब्द कुठे लिहून मिळतील का?

तीनकॉर्ड · रात्री ९:०१

काका पण गेले कामातून.

म्हणजे एकूण गिग ९:२५ ते ११:३०, मध्ये हुमणाचा इंटरव्हल. मेव्हण्याला कळवा.

दिवाडकर · ९:२०

वाचलं. दोनदा वाचलं.

मी १० वाजून ४ मिनिटांनी स्कूटरला किक मारली. बाहेर लोक बसून होते ते मी बघितलं होतं, मला वाटलं टॅक्सीची वाट बघतायत. धक्क्यावर पोचलो तर फेरी समोरच उभी, आणि आता सुटेल मग सुटेल करत वीस मिनिटं सुटलीच नाही. त्या वीस मिनिटांत मी तेच गाणं हेडफोनवर ऐकलं, राहिलं राहिलं म्हणत.

माटोळी · ९:२४

अरेरे. खरंच अरेरे.

केळशीची_पोर · ९:२६

पुढच्या वेळी आमच्याकडे राहायला या म्हणणार होते पण केळशी उलट्या टोकाला. शिवोलीत कुणाकडे तरी सोय करा आणि बूट घाला.

शिवोलीची_सून · ९:४०

अजून एक. तुम्ही वर निळ्या पट्ट्याची चप्पल लिहिलंय, नऊ नंबर. आज सकाळी कुत्र्याने एक फ्लोटर आणून आमच्या तुळशीपाशी टाकलीय. डाव्या पायाची. थोडी चावलीय पण चालेल. ठेवून देऊ का? पुढच्या महिन्यात परत येणार म्हणालेत ते, या वेळी ७ ला सुरू करणार आहेत, मी वचन घेतलंय.

दिवाडकर · ९:४३

उजवी मी काल रात्री फेरीतून नदीत टाकली.

उसळपाव · ९:४४

धागा वाचनखुणेत साठवला आहे.